गटाचं एकच खातं पाच जणांनी चालवावं का?

राजहंसगड

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या, म्हणजे बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि थोडं खानापूरकडचं, अशा लोकांचा फेसबुकवर एक गट आहे. वाचनालयातल्या पोरांनी सुरू केला, आता गावोगावची माणसं त्यात आहेत. येळ्ळूर, कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका, निधनवार्ता, रताळ्याचे दर, कॉलेजच्या प्रवेशाच्या तारखा, रक्त पाहिजे, बैल हरवलाय, सगळं तिथंच येतं. गट आम्ही पाच जण सांभाळतो आणि पाचही जण एकाच खात्यातून. खात्याचं नाव 'संयोजक'. पासवर्ड पाचांकडं.

असं करण्यामागं कारण होतं. आपल्याकडं १ नोव्हेंबर, म्हणजे सीमाभागातला काळा दिवस, जवळ आला किंवा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की गटातलं बोलणं तापतं. अशा वेळी एखादी पोस्ट काढली की काढणाऱ्याच्या दारात माणूस उभा. "आमचीच का काढलास?" गाव लहान, सगळे ओळखीचे. म्हणून ठरवलं की नाव कुणाचंच नको, जे काय करायचं ते 'संयोजक' करणार.

आता अडचण. मागच्या आठवड्यात एका आजोबांची निधनवार्ता गटातून निघाली. रक्षाविसर्जनाची वेळ त्यातच होती. घरच्यांनी विचारलं, कुणी काढली? पाचही जण म्हणतात, मी न्हाई. खोटं कोण बोलत असेल असं मला वाटत नाही, पण पोस्ट आपोआप तर निघत नाही. लांबची माणसं रक्षाविसर्जनाला पोचली नाहीत, घरचे फार दुखावलेत.

सामायिक खातं ठेवावं की प्रत्येकानं आपापल्या नावानं काम करावं? ज्यांनी गट चालवलेत त्यांनी अनुभव सांगा.

चंदगडी

आमच्या व्हॉट्सॲप गटात पै-पाहुण्यांतले सगळेच ॲडमिन. कुणाला काढायचं धाडस कुणी करत नाही, निम्म्यांची एकमेकांत लग्नं ठरलेत. :)

संगणकवाला

राजहंसगड, बाकी चर्चा होईल ती होईल, आधी एक काम आजच्या आज करा. तुमच्यातल्या निदान दोघांना त्यांच्या स्वतःच्या खात्यावरून ॲडमिन करून ठेवा. फेसबुकच्या अटींत स्पष्ट आहे: एका माणसाचं एक खातं, नाव रोजच्या व्यवहारातलं, आणि पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. 'संयोजक' हे खातं या तिन्हींत बसत नाही. ते कधी बंद झालं आणि गटाला दुसरा ॲडमिनच नसेल, तर गट तसाच उघडा पडणार. नको ते लोक आत येतील आणि तुम्हाला बाहेरून बघत बसावं लागेल.

दुसरं. तुम्हाला जे पाहिजे ते फेसबुकच्या गटात आधीपासून आहे. ॲडमिन आणि मॉडरेटर अशा दोन पायऱ्या असतात. मॉडरेटर पोस्ट मंजूर करतो, काढतो, माणसाला बाहेर करतो, पण दुसऱ्याला ॲडमिन करणं किंवा गटाची मांडणी बदलणं त्याच्या हातात नसतं. आणि कुणी कुठली पोस्ट कधी काढली याची यादी आत आपोआप तयार होते. ती संयोजकांना दिसते, सभासदांना दिसत नाही. पाच जणांची पाच खाती असती तर निधनवार्ता कुणी काढली हे दोन मिनिटांत कळलं असतं. आता त्या यादीत सगळीकडं 'संयोजक, संयोजक, संयोजक' एवढंच दिसणार.

निपाणीची_लेक

संगणकवाला, नियम तुम्ही बरोबर सांगितलात. पण नियम लिहिणारे निपाणीत राहत नाहीत.

मी एका गटाची मॉडरेटर होते, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोनिशी. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराच्या माणसाची शिवीगाळीची पोस्ट काढली. रात्री साडेअकराला फोन. नंबर कुठून मिळाला माहीत नाही, पण गावात नंबर मिळायला काय लागतं? मग दुसऱ्या नंबरावरून. मग सासऱ्यांना बाजारात गाठून "सूनबाईंना सांगा जरा". सासरे साधे, घरी येऊन गप्प बसून राहिले. त्या दिवसापासून मी ते काम सोडलं. काम आवडत नव्हतं म्हणून नव्हे, घरात त्याचा त्रास नको म्हणून.

सामायिक खातं असतं तर मी आजही करत असते. बायकांनी ही कामं करावीत असं वाटत असेल तर नाव झाकायची सोय पाहिजेच. कुणी काढलं हे सभासदांना दिसत नाही हे मान्य, पण मॉडरेटर कोण कोण आहेत ही यादी गटात सगळ्यांना दिसते. पाचांत बाई एकच असली की फोन तिलाच येतो.

शहापूरची_सून

निपाणीची_लेक, वाचून वाईट वाटलं. तुमचं पटतं, तरी माझा अनुभव उलटा आहे.

माझं माहेर कन्नड, सासर मराठी. शहापूरच्या एका मोठ्या गटात कन्नड मजकूर बघायचं काम माझ्याकडं होतं, सामायिक खात्यातूनच. एकदा हेस्कॉमची वीज बंद राहणार असल्याची सूचना कुणीतरी टाकली होती, कन्नडमध्ये. आमच्यातल्याच एकाला कन्नड वाचता येत नव्हतं, त्याला वाटलं काहीतरी चिथावणीचं आहे, त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत कुणी पाणी भरून ठेवलेलं नाही आणि सकाळपासून वीज गेलेली. पुढच्या खेपेला मी एका कन्नड कुटुंबाची रक्ताच्या मागणीची पोस्ट मंजूर केली, तर लोक म्हणाले 'संयोजक' फिरला, गट विकला गेला.

तिथं माझं नाव असतं तर मी म्हटलं असतं, होय, मी मंजूर केली, दवाखान्यात पोरगं आहे, रक्ताला भाषा नसते. आणि लोकांनी ऐकलं असतं, कारण गल्लीत मला सगळे ओळखतात. बिननावाच्या खात्यावर कुणीही काहीही आरोप करतं आणि उत्तर द्यायला माणूसच नसतो.

वेदगंगाकाठ

सामायिक खात्याचा खरा धोका कुणी अजून सांगितला नाही. तो आहे 'वाचलं' या खुणेचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा वेदगंगा, दूधगंगा दोन्ही फुगल्या होत्या, पुणे-बंगळूर महामार्ग बंद. आमच्या गटाच्या सामायिक खात्यावर मदतीचे निरोप येत होते. निरोप एकानं उघडला की बाकीच्यांना तो वाचलेला दिसतो. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलंय, उत्तर दिलं असेल. नदीकाठच्या एका वस्तीवरून संध्याकाळी निरोप आला होता: म्हातारी आई आहे, दोन म्हशी आहेत, पाणी अंगणात आलंय. ज्यानं उघडला त्याच्या फोनची बॅटरी त्याच मिनिटाला संपली, वीज तर नव्हतीच. आम्हा बाकीच्यांना तो निरोप सकाळी वर सरकवताना दिसला. नशीब, ते लोक रात्रीच पाहुण्यांकडं निघून गेले होते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. उघडला की लगेच "बघतोय" एवढं तरी लिहायचं आणि शेवटी आपलं अक्षर घालायचं. "बघतोय. – स." म्हणजे समोरच्यालाही माणूस कळतो आणि आतल्यांनाही.

रताळी_व्यापार

अक्षर घालायची पद्धत चांगली. आमच्याकडं ती नसल्यानं काय झालं सांगतो. महाशिवरात्रीच्या आधी उपवासाला रताळ्याची मागणी वाढते, शेतकरी रोज गटात दर बघून गाडी मार्केटला काढायची की नाही ठरवतात. संयोजकांच्या खात्यावरून एकाच दिवशी दोन दर पडले, त्यात चांगलाच फरक. मागून कळलं की दर टाकणाऱ्यांतला एक जण स्वतः दलाली करतो. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याला हे कळायलाच पाहिजे की दर कुणी सांगितला, शेतकऱ्यानं की दलालानं. दोघंही 'संयोजक' असतील तर कुणावर विश्वास ठेवायचा?

चंदगडी

यंदा रताळी कशी आहेत ओ? आमच्याकडं पावसानं वेल कुजले.

रताळी_व्यापार

माळाची चांगली आहेत, तांबडी. मळीच्या जमिनीतली जरा पाणचट. घरी खायला पाहिजेत तर माळाचीच घ्या.

कडोली_वाचक

धागा रताळ्यावर जायच्या आधी एक गंभीर गोष्ट लिहितो.

एका मुलीनं आमच्या गटाच्या संयोजक खात्याला खाजगी निरोप पाठवला, की गटातला अमुक एक माणूस तिला रात्री-अपरात्री मेसेज करतो, फोटो मागतो. सोबत त्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. तिला वाटलं खातं म्हणजे एक जबाबदार माणूस. तो निरोप आम्हा सगळ्यांना दिसला, आणि आमच्यातला एक त्या माणसाचा मावसभाऊ. संध्याकाळपर्यंत त्या माणसाला सगळं कळलं होतं. मुलीनं गटच सोडला, पुढं तक्रारही केली नाही.

आपल्या भागात पाच माणसं घेतली की त्यांत दोन तरी एकमेकांचे पाहुणे निघतात. म्हणून खातं सामायिक ठेवा नाहीतर ठेवू नका, पण समोरच्याला हे सांगा की तुझा निरोप किती जण वाचणार आहेत आणि ते कोण आहेत. हे न सांगता लोकांची दुःखं वाचणं बरोबर नाही. निपाणीची_लेक म्हणतात तसा आमचा आडोसा पाहिजे, मान्य. पण त्या मुलीला आडोसा कुणी द्यायचा?

निपाणीची_लेक

कडोली_वाचक, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही मांडलंत ते महत्त्वाचं आहे. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. बाहेरच्यांसाठी नाव झाकलेलं आणि आतल्यांसाठी उघडं, असं जमत नाही का?

संगणकवाला

जमतं. टेलिग्रामवर अगदी हेच आहे. ॲडमिनला 'अनामिक राहा' असा पर्याय असतो. तो चालू केला की तो लिहितो ते गटाच्या नावानं दिसतं आणि सभासदांच्या यादीतही त्याचं ॲडमिनपण दिसत नाही. पण आतल्या नोंदीत कुणी काय केलं ते बाकीच्या ॲडमिनना कळतं. ती नोंद ४८ तासच राहते, त्यामुळे वेळेत बघायला पाहिजे. पासवर्ड वाटायची गरजच पडत नाही, प्रत्येकजण आपल्याच खात्यात.

कडोली_वाचक

आमचे मामा, काका, देवळाचे पंच टेलिग्रामवर येणार नाहीत. फेसबुकवर आणायलाच जन्म गेला.

संगणकवाला

खरं आहे. मग निदान नुसत्या सूचनांसाठी व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा. निधनवार्ता, वीज, बस, दर. तिथं चालवणाऱ्याचा नंबर बघणाऱ्यांना दिसत नाही. उलट साध्या व्हॉट्सॲप गटात ॲडमिनचा नंबर सगळ्यांना दिसतो.

आणि कुणी व्हॉट्सॲपवर सामायिक नंबर चालवत असेल तर लक्षात ठेवा: मुख्य फोन आणि त्याला जोडलेली चार उपकरणं, एवढंच. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर बाकीची बाहेर फेकली जातात.

मार्कंडेय

वकिली करतो, म्हणून दोन शब्द. सभासदानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे व्हॉट्सॲप गटाबाबत सांगितलं, केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये. आपण कर्नाटकात, आपलं धारवाड खंडपीठ. ते निकाल इथं बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात दाखवता येतात.

सामायिक खात्यात मात्र वेगळीच भानगड. त्या खात्यावरून स्वतः कुणी काही टाकलं, तर पोलीस सगळ्यांत आधी कुणाला बोलावणार? ज्याच्या नावावर नंबर आहे त्याला. मग तो सांगत बसणार, साहेब मी नव्हतो. पाचांतला कोण होता हे सिद्ध करायला कागद नाही. नाव झाकून सगळ्यांचं संरक्षण होतं असं वाटतं, पण ज्याचं सिम आहे तो एकटा उघड्यावर असतो. राजहंसगड, तुमच्या खात्याचा नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या.

टिळकवाडी_काका

मी जुन्या पद्धतीचा माणूस, पण आमचा ज्येष्ठांचा गट हाच प्रश्न सोडवून चाललाय. आम्ही वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची, दोरीला पेन बांधलेलं. रकाने चार: तारीख, कुणाची पोस्ट, काय केलं आणि का, सही. पोस्ट काढली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला आल्यावर लिहायचं. "का" हा रकाना रिकामा सोडायचा नाही हा एकच कडक नियम. "नको वाटली" असं कुणी लिहिलं तर बाकीचे त्याखाली लाल शाईत विचारतात, कुणाला नको वाटली?

देवळाच्या दानपेटीला दोन कुलपं असतात आणि ती पंचांच्या समोरच उघडतात, पंच चोर आहेत म्हणून नव्हे, उद्या त्यांच्यावर आळ येऊ नये म्हणून. वहीचं तसंच आहे. ती गावाला दाखवायची नसते. पण कुणी रडत आलं, तर आतल्या आत पान उलटून खरं सांगता येतं.

तुमच्या निधनवार्तेचं म्हणाल तर वही असती तरी चूक झाली असती. पण तिसऱ्या दिवसाच्या आत कळली असती.

वेदगंगाकाठ

काका, वहीला +१.

आणखी एक. सामायिक खात्यात बोलायची रीतही बिघडते. आमच्याकडं दुपारी 'आपण' म्हणणारा संयोजक रात्री 'तू' म्हणायचा, कारण रात्रीचा माणूस वेगळा. एका निवृत्त मास्तरांना "तू आधी नियम वाच" असं गेलं. मास्तरांनी गट सोडला आणि वाचनालयाला देणगीत देणार होते ती पुस्तकंही थांबवली.

शहापूरची_सून

मास्तरांना परत आणलं का?

वेदगंगाकाठ

ज्यानं लिहिलं तोच घरी जाऊन पाया पडून आला. विद्यार्थीच होता त्यांचा, मेसेज कुणाला चाललाय ते त्याला कळलं नव्हतं. पुस्तकं आली.

राजहंसगड

सगळ्यांचे आभार. काल आम्ही पाच जण बसलो. संगणकवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे दोघांना स्वतःच्या खात्यावरून ॲडमिन केलं, बाकी तिघं मॉडरेटर. निधनवार्ता कुणी काढली ते अजून कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. आम्ही पाचही जण आजोबांच्या घरी जाऊन आलो. मोठ्या मुलानं चहा दिला, फार बोलला नाही.

पुढचं असं ठरलंय. निधनवार्ता, रक्ताची मागणी आणि वीज-पाण्याच्या सूचना एकट्यानं काढायच्या नाहीत, दोघांनी बघायचं. कन्नड मजकूर वाचता येत असेल त्यानंच हाताळायचा, आणि त्यासाठी आमच्याच गावातल्या एका कन्नड शिक्षिकेला विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. नोव्हेंबर-डिसेंबरात पोस्ट आधी मंजुरीला थांबणार, म्हणजे काढायची वेळच कमी येईल. सूचना गटाच्या वतीनं जाईल, खाली अक्षर. आणि गटाच्या माहितीत लिहिलंय की तक्रार कुणाकडं करायची. पाचांकडं नाही, दोघींकडं, त्यांची नावं देऊन. वहीपण आणली.

निपाणीची_लेक

दोघींची नावं दिलीत, त्यांना विचारून दिलीत ना? आणि रात्री फोन आला तर त्यांनी काय करायचं ते ठरवलंत का?

राजहंसगड

विचारून दिलीत. फोनचं ठरवलं नव्हतं. त्यांचे नंबर दिलेले नाहीत, फक्त फेसबुकवरचा निरोप. पण तुम्ही म्हणता तसा नंबर मिळतोच. रात्री फोन आला तर उचलायचा नाही, आणि सकाळी आम्ही तिघं मिळून त्या माणसाच्या घरी जायचं, असं आज ठरवून घेतो.

निपाणीची_लेक

हे आमच्याकडं कुणी केलं असतं तर मी काम सोडलं नसतं. जा खरंच, नुसतं लिहून ठेवू नका.

खानापूरकर

उशिरा आलो, धागा पूर्ण वाचला. मार्कंडेय यांनी सिमचं लिहिलंय त्यावरून विचारतो. आमच्या गटाच्या खात्याचा नंबर ज्यांच्या नावावर होता ते गेल्या वर्षी वारले. सिम अजून त्यांच्या जुन्या फोनमध्ये, फोन त्यांच्या घरी कपाटात. ओटीपी लागला की आम्ही वहिनींना फोन करतो, त्या कपाट उघडून आकडे सांगतात. त्यांना दर वेळी ते कपाट उघडायला लावणं बरं वाटत नाही. काय करावं?

मार्कंडेय

दोन कामं. आधी खात्याची ओळख त्या नंबरावरून काढून तुमच्यातल्या ॲडमिनच्या स्वतःच्या नंबरावर न्या. नंबर चालू आहे तोवरच हे सोपं आहे. वापर न होता ९० दिवस पडून राहिला तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढं दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी त्या परक्याकडं जातील.

नंतर सिमचं. वहिनींना तो नंबर आठवण म्हणून ठेवायचा असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घेता येतो. मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार, नातं दाखवणारा कागद घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. ठेवायचा की नाही हे त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका.

शहापूरची_सून

खानापूरकर, वहिनींना एकटं पाठवू नका. त्या बेळगावला येणार असतील तर मला इथं निरोप टाका, मी सोबत जाईन. दुकानात फॉर्म कन्नडमध्ये असला तर भरून देईन.

खानापूरकर

आज संध्याकाळी त्यांच्याकडं जातो आणि विचारून कळवतो. आधी खात्याचं करून घेतो.